भिंतीपलीकडचा खर्ज

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीतली एक दुपार. माझ्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीवर एक काळा, चौकोनी, अठरा किलो वजनाचा खोका बसलेला होता आणि मी स्वतः खोलीभर गुडघ्यांवर रांगत होतो. कोपऱ्यात जायचे, कान जमिनीलगत न्यायचा, थांबायचे, पुन्हा दोन फूट पुढे सरकायचे. सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"काही हरवलंय का?"

"खर्ज शोधतोय," मी म्हटले.

लग्नाला वीस वर्षे झाली आहेत. ती काही न बोलता परत गेली. मात्र जाताना खिडकी तेवढी लावून घेतली. मला वाटले उन्हामुळे लावली असेल. आता वाटते, रस्त्यावरून जाणाऱ्यांना नवरा दिसू नये म्हणून असावी.

खुर्चीवरचा खोका म्हणजे सबवूफर. गाण्यातला अगदी खालचा, खर्जातला भाग वाजवणारा वेगळा स्पीकर. तो खोलीत कुठे ठेवावा हे ठरवायची एक जुनी युक्ती आहे. आपण जिथे बसून ऐकतो तिथे त्याला बसवायचे आणि आपण रांगत फिरायचे. ज्या जागी खालचे सूर एकसारखे, न घुमता ऐकू येतील ती त्याची जागा. दिसायला हास्यास्पद, पण शास्त्र पक्के आहे. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधला हिशेब बदलत नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो, भौतिकशास्त्र नव्हे. पण गाणे ऐकण्याचे वेड घरातलेच. आमचे जुने घर बेळगावच्या शहापुरात. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा, पण जवळपास कुठे बैठक असली की मला सायकलवर पुढे बसवून घेऊन जायचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्या जवळच्याच सुळेभावीतला, ही गोष्ट ते दर बैठकीला जाताना नव्याने सांगत. अशा बैठकींत आम्हा मुलांना जागा मिळायची ती बाजूला, तंबोऱ्याच्या मागे. गाण्यातले तेव्हा काही कळत नसे. पण तंबोऱ्याच्या चौथ्या, पितळी तारेचा आवाज कानाइतकाच मांडीखालच्या सतरंजीतून वर यायचा. तो अजून आठवतो.

पुढे नोकरी लागल्यावर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मी स्टिरिओ जमवत गेलो. अ‍ॅम्प्लिफायर एका वर्षी, सीडी प्लेअर तीन वर्षांनी. स्पीकर मात्र नशिबाने मिळाले. पुण्यातल्या एका वयस्क रसिकांनी घर लहान करायचे म्हणून आपली जुनी जोडी मला परवडेल अशा किमतीत दिली. एलएस ३/५ए नावाचे हे स्पीकर १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी बाहेरगावच्या ध्वनिमुद्रणाच्या मोटारीत मावावेत म्हणून तयार केले होते. जेमतेम फूटभर उंच, आत पाच लिटरची जागा. माणसाचा आवाज तपासायला बनवलेले, त्यामुळे गाणारा जणू समोर येऊन बसतो. श्वास ऐकू येतो, ओठ मिटल्याचे कळते. पण एवढ्याशा डब्याकडून जमीन हादरवणाऱ्या आवाजाची अपेक्षा करता येत नाही. गवई समोर बसायचा, पण त्याच्याखाली सतरंजी नसायची.

थोडा हिशेब सांगतो. पुरुष गवई काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. माझे स्पीकर तिथे पोहोचेपर्यंत दमून जात. तरीही इतकी वर्षे मला खर्ज ऐकू येत होता, तो कसा? तर तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश निघतात. तंबोऱ्यात तर जवारीमुळे हे वरचे स्वरांशच जास्त फुलतात आणि मूळ सूर क्षीण असतो. वरचे स्वरांश ऐकले की मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो आणि तो सूर आपल्याला ऐकवतोही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचे काही येत नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याच्या बराच खाली असतो. तरी फोनवर वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. नसलेले कान भरून काढायचा.

म्हणजे मी इतकी वर्षे ऐकत होतो तो खर्ज माझ्या कानाने पदरचा घातलेला होता. हे एकदा कळल्यावर मला चैन पडेना. कानाने ऐकवलेला खर्ज मांडीखाली जाणवत नाही.

महाविद्यालयाकडून पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा खरे तर कौले बदलायची होती. निम्मी बदलली. उरलेल्या पैशांत सबवूफर आला. कौलांचा विषय घरात अजून संपलेला नाही, म्हणून इथे वाढवत नाही.

खोका आला आणि पहिल्याच संध्याकाळी निराशा झाली. कोपऱ्यात ठेवला तर डग्ग्याची प्रत्येक थाप पिंपात दगड टाकल्यासारखी घुमायची. एखादाच सूर अंगावर यायचा, त्याच्या शेजारचा गायब. दोष खोक्याचा नव्हता, खोलीचा होता. आमची ही खोली चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटरहून लांब होते, म्हणजे आमच्या खोलीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट. असा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसा वाढत जातो. रुंदीच्या बाबतीत हेच ५६ हर्ट्झला होते. कोपऱ्यात बसलेला सबवूफर हे सगळे झोपाळे एकदम हलवतो. भिंतीजवळ बसून ऐकले तर घुमारा, आणि खोलीच्या बरोबर मध्ये बसले तर तो चाळीसचा सूर जवळजवळ नाहीसाच.

म्हणून ते रांगणे. रांगून थोडे सुधारले, पण पुरते नाही. मग कळले की यावर उपाय एक सबवूफर काढण्याचा नसून आणखी एक आणण्याचा आहे. टॉड वेल्टी या अमेरिकन संशोधकाने २००२ साली नेमका हाच प्रश्न मांडला होता, सबवूफर किती असले म्हणजे पुरे? त्याच्या अभ्यासात समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवलेली जोडी चांगली ठरली. दोघे एकाच वेळी विरुद्ध टोकांनी झोपाळा ढकलू लागले की तो हलतच नाही. सौ.ला हे समजावून सांगताना मी दोन घागरींचा दाखला दिला. ती म्हणाली, "घागरी कितीही आणा, पण कौलांच्या पैशातून नको."

दुसरा खोका ऑगस्टमध्ये हप्त्यांवर आला. आता दोन्ही आखूड भिंतींच्या मध्यावर ते ठेवायचे, तर एका बाजूला पुस्तकांचे शिसवी कपाट. ते हलवायचे म्हणजे आधी चारशे पुस्तके काढायची. माझा आळस आडवा आला. मी दोन्ही खोके स्पीकरांच्या बाजूला, लांब भिंतीच्या दोन टोकांना ठेवले. लांबीचा घुमारा त्यानेही गेला. माझ्या खुर्चीत बसून तरी सारे नीट वाटत होते.

आणि खरोखरच वाटत होते! ८० हर्ट्झच्या खालचे काम दोन खोक्यांकडे दिले, त्यांचा आवाज इतका बेताचा ठेवला की ते वाजताहेत असे कळू नये. श्रावणातल्या एका रात्री, बाहेर पाऊस थांबलेला, मी तंबोऱ्याने सुरू होणारे जुने ध्वनिमुद्रण लावले. खुर्चीच्या वेतातून मांडीला तो परिचित स्पर्श झाला. तबलजीने डग्ग्यावर मनगट दाबून सूर खालून वर ओढला, तो पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. मी चिरंजीवांना खोके बंद करायला सांगितले. गाणे तेच, गवई तोच, पण खोलीचा तळ निघून गेल्यासारखे झाले. पुन्हा चालू करायला सांगितले. मला वडिलांची आठवण झाली. त्यानंतर रोज रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास माझे ऐकणे सुरू झाले.

आता थोडे मागे जायला हवे. आमच्या भागात मिरवणुकीतल्या त्या स्पीकरांच्या भिंतींना सगळे सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. गणपती विसर्जनात रात्रभर ती डॉल्बी वाजते, तेव्हा काचा थरथरतात आणि छातीत धडधडते. याविरुद्ध मी वर्तमानपत्रात पत्र लिहिले होते, निवेदनावर सह्या गोळा केल्या होत्या. पत्रात एक मुद्दा मी अभिमानाने मांडला होता. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप 'ए' नावाच्या पट्टीवर होते आणि ही पट्टी खालच्या सुरांना फारच कमी गुण देते. ४० हर्ट्झच्या आवाजातून ती जवळपास ३५ डेसिबल वजा करते. ७० डेसिबलचा धडधडाट मीटरवर ३५ दिसतो. म्हणजे मीटर म्हणतो सारे शांत आहे, आणि आजारी माणूस पलंगावर उठून बसतो. 'ज्याच्या छातीवर आवाज आदळतो त्याला विचारा, मीटरला नव्हे,' असे त्या पत्राचे शेवटचे वाक्य होते. कौतुकाचे चार फोनही आले होते.

आणखी एक. दर वर्षी पदवीच्या वर्गाला मी 'बाह्य परिणाम' शिकवतो. एकाच्या व्यवहाराची झळ त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याला लागते, ती गोष्ट. त्यात रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाचा १९६० चा प्रसिद्ध निबंध येतोच. याच कामासाठी त्यांना पुढे १९९१ साली नोबेल मिळाले. कोझ यांनी लंडनच्या एका जुन्या खटल्याचा दाखला दिला आहे. १८७९ चा निकाल. एक मिठाईवाला आणि एक डॉक्टर शेजारी शेजारी. मिठाईवाल्याची खलबत्त्याची यंत्रे कित्येक वर्षे चालत होती. डॉक्टरने मग त्याच भिंतीला लागून रोगी तपासायची खोली बांधली. आवाज आणि हादरे भिंतीतून यायला लागले. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने कौल दिला. कोझ म्हणतात, त्रास हा दुहेरी असतो. डॉक्टरला वाचवायचे तर मिठाईवाल्याला त्रास. दोघांना बोलणी करायला काही खर्च पडत नसेल, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, ते आपसात देवघेव करून मार्ग काढतील. हे मी अठरा वर्षे फळ्यावर भिंतीची आकृती काढून शिकवतो आहे.

आमच्या खोलीची ती लांब भिंत सामाईक आहे. पलीकडे काका-काकू राहतात. नात्याने कोणी नव्हेत, पण मला त्यांनी अंगणात रांगताना पाहिले आहे. (मेमधले रांगणे त्यांनी पाहिले नाही, हे बरे.) काकांचे चार यंत्रमाग होते. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आमचे बालपण मागांच्या खटखटाटात गेले. अशा मागावर नव्वद डेसिबलच्या वर आवाज असतो आणि त्यात तीस-चाळीस वर्षे उभा राहिलेला माणूस बहिरा होतो. आधी जातात ते वरचे सूर, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातली व्यंजने हरवतात आणि नुसता आवाज उरतो. काकांचे तसेच झाले आहे. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर त्यांनी माग विकून टाकले.

दिवाळीला मी फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो. आत पाऊल टाकले आणि काही तरी चुकल्यासारखे वाटले. क्षणभराने ध्यानात आले. काकूंची खाट जागेवर नव्हती. मी लहान असल्यापासून ती खाट सामाईक भिंतीला लागून, खिडकीखाली होती. तिच्यावर बसून मी पाढे पाठ केले आहेत. आता ती आत, स्वयंपाकघराच्या बाजूला, अडगळीच्या ट्रंकांना खेटून घातली होती. पूर्वीच्या जागी फरशीवर चार पायांचे चार फिकट डाग राहिले होते.

"खाट हलवली होय काकू?"

"काय न्हाई रे, हिकडं जरा वारं लागतंय म्हनून," काकू म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या बाजूला खिडकी नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

काकांना आमचे बोलणे पुरते ऐकू आले नसावे, पण मी खाटेकडे बघतो आहे हे दिसले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "तिला रातच्याला माग चालू झाल्यागत हुतंय. उठून बसतीया. म्हनती, अवो, माग बंद करून या. आता कुठलं माग? इकून धा वर्सं झाली की!" आणि हसायला लागले.

काकू हसल्या नाहीत. "तुमी गप बसा बगू," म्हणाल्या आणि ताटातली करंजी उचलून मला विचारू लागल्या, सारण सुनेने केले की विकतचे.

"कधीपासून होतंय असं?" मी विचारले.

"श्रावनापासनं," काका म्हणाले.

मी घरी आलो आणि सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. काकूंनी मला शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याचं त्येवढंच एक वेड हाय, बापाचंच हाय, सांगू नको." तीन वर्षांपूर्वी काकांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा मी गाडी काढली होती. ते उपकार म्हणून त्या गप्प होत्या की नुसत्या भिडेपोटी, हे मी विचारू शकलो नाही. मे महिन्यात सौ.ने खिडकी लावली होती. तीही कदाचित उन्हासाठी नव्हती आणि माझ्या रांगण्यासाठीही नव्हती.

त्या रात्री मी काहीच लावले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीवांना सांगितले, रोजचे ध्वनिमुद्रण रोजच्या आवाजात लाव. मी पलीकडे गेलो आणि त्या चार डागांच्या मध्ये, फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसलो. काकू "कशाला उगच" म्हणत होत्या.

मला वाटले होते, गाणे अंधुक तरी ऐकू येईल. गाणे मुळीच नव्हते. गवई नव्हता, शब्द नव्हते, तंबोरा नव्हता, तबल्याची चाटीसुद्धा नव्हती. जुनी माती-विटांची जाड भिंत. ती वरचे सूर छान अडवत होती. पण भिंत कितीही जड असली तरी सूर एक सप्तक खाली गेला की ती साधारण सहा डेसिबल कमी अडवते. त्यात दोन्ही घरांच्या तुळया त्याच भिंतीत रोवलेल्या. त्यामुळे पाठीला लागत होते ते फक्त धप्... धप्धप्... धप्. ताल समजावा एवढेही सलग नाही. कुठे तरी दूरवर कोणी तरी माग लावून विसरून गेल्यासारखे. भिंतीने माझ्या गाण्यातले सगळे गाणे गाळून ठेवले होते आणि मी पैसे भरून जेवढे वाढवले होते तेवढेच काकूंकडे पाठवले होते.

हा आवाज मोठा नव्हता. मीटर आणला असता तर तो पंचेचाळीसच्या कितीतरी खाली राहिला असता. मी पत्रात लिहिलेले वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होते.

गंमत म्हणजे काकाही येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकले. डोळे मिटून बोटाने मांडीवर ठेका धरला. तरुणपणी ते भजनी मंडळात तबला वाजवायचे. "मला लागतंय की ह्ये," ते म्हणाले. "बाकीचं कायबी ऐकू येत न्हाई. पर डग्गा कळतोय. मी जेवून रोज हितं टेकूनच बसतो." एकाच भिंतीच्या एकाच बाजूला, एकच आवाज, एकीची झोप उडवत होता आणि दुसऱ्याला चाळीस वर्षांनी डग्गा देत होता. कोझ यांच्या निबंधात असा शेजारी नाही.

पुढच्या रविवारी चारशे पुस्तके काढली, चिरंजीव आणि त्याचे दोन मित्र हाताशी घेऊन कपाट हलवले. दोन्ही खोके आखूड भिंतींच्या मध्यावर, म्हणजे सामाईक भिंतीपासून पाच फूट दूर गेले. पायांखाली जाड रबर घातले. खोक्यांची ही जागा खोलीच्या रुंदीच्या मधोमध पडते, त्यामुळे ५६ हर्ट्झचा तो दुसरा घुमाराही निवला. म्हणजे माझ्यासाठीसुद्धा तीच जागा योग्य होती. आळसापायी मी काकूंना तीन महिने जागवले. मग दोन्ही खोक्यांचा आवाज कमी करत गेलो, पण या वेळी माझ्या खुर्चीत बसून नव्हे. खोके चिरंजीव कमी करत होता आणि मी पलीकडे त्या चार डागांमध्ये बसून, भिंतीला हात लावून फोनवर "अजून, अजून" म्हणत होतो. ऐकण्याची योग्य जागा शोधायला मी मे महिन्यात खोलीभर रांगलो होतो, ती भिंतीच्या पलीकडे निघाली. काकूंना "येतंय का?" असे मी विचारले नाही. त्यांचे उत्तर मला ठाऊक होते.

आणि रात्री आठनंतर दोन्ही खोके बंद. हा नियम घरात फ्रिजवर लिहून लावला आहे. काका-काकू लवकर निजतात.

आठनंतर मी ऐकतो, पण त्या दोन छोट्या स्पीकरांवर. आवाज हळू ठेवला की खालचे सूर आणखी मागे पडतात. माणसाचा कानच तसा आहे, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. पण तंबोरा सुरू झाला की थोड्या वेळाने कान आपल्या सवयीने नसलेला खर्ज घालू लागतो. मांडीला काही लागत नाही. वडिलांच्या सायकलवरून गेलेल्या त्या बैठका मात्र तशाही आठवतात. त्यासाठी कौलांचे पैसे लागत नव्हते.

खोके वाजतात ते रविवारी सकाळी, दहा ते बारा. तेव्हा काकू देवळात जातात आणि काका आमच्याकडे येतात. भिंतीतून आता काही लागत नाही म्हणून पहिल्यांदा त्यांनी तक्रारच केली होती. मी त्यांना एका खोक्याजवळ पाट देतो. ते खोक्यावर तळवा ठेवून बसतात. मी गवई ऐकतो, ते डग्गा ऐकतात. तबलजी सम चुकवून गंमत करतो तेव्हा आमच्या दोघांच्या माना एकदमच हलतात.

यंदा वर्गात मिठाईवाला आणि डॉक्टरची गोष्ट झाल्यावर मी काकूंचीही सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण काकू तर बोलल्याच नाहीत. मग बोलणी कशी होणार?" मी म्हटले, "तेच तर." तास संपल्याची घंटा झाली, नाही तर यापुढे काय सांगायचे ते मला सुचले नव्हते.

परवा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो होतो. खाट अजून ट्रंकांजवळच आहे. "काकू, आता काही येत नाही, खाट पहिल्या जागी घ्या की. मी आणि पोरगा हलवून देतो," मी म्हटले.

"र्‍हाऊ दे रे," काकू म्हणाल्या. "आता हितंच सवं झाली."

फरशीवरचे चार डाग मात्र तसेच आहेत. काकू रोज पुसतात, तरी जात नाहीत.